दोन नाकं, एक नाखुदा

मांदनीने आयुष्यात पुष्कळ नाकं फोडली, पण त्यातली दोनच लोकांच्या लक्षात राहिली. पहिलं नाक आज आरमाराच्या एका फ्रिगेटवर, अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या खोलीत चौकटीत टांगलेलं आहे. जरा डावीकडे वळलेलं. दुसरं नाक त्याच लढाऊ जहाजाच्या कप्तानाचं. दोन्ही वेळेला मी हजर होतो, आणि दोन्ही वेळेला चूक कुणाची हे मला कुणी विचारलं नाही. म्हणून आता न विचारता सांगतो.

आखातातल्या बुशेहर बंदरात, जुफ्रे वस्तीच्या किनाऱ्यावर, मांदनीच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. त्याच्या आईला आम्ही सगळे दै म्हणायचो. तिला आधी चार मुलं झाली आणि चारही गेली. पाचवा झाला तेव्हा आमच्याकडच्या रीतीप्रमाणे नाव ठेवलं मांदनी, म्हणजे राहणारा. दैचा त्या नावावर केवढा भरवसा. पोरगा समुद्रावर गेला आणि एखादी शेजारीण हळहळून म्हणाली, "येईल ना ग परत?" की दै चुलीतलं पेटतं लाकूड उगारायची. "नाव काय त्याचं? मग?"

मांदनीने मात्र त्या नावाचा भलताच अर्थ काढला. मारामारीतून सगळे पळाले तरी आपण राहायचं, असा. एकदा दय्यर बंदराच्या खलाशांशी खजुराच्या पोत्यांवरून आमची जुंपली. ते आमच्या दुप्पट आहेत हे दिसल्यावर आम्ही शहाण्या माणसांसारखे पळालो. उन्हं कलल्यावर चोरपावलांनी परत येऊन बघतो तर हा पोत्यावर बसलेला. डावा कान अर्धा गायब, सदरा रक्ताने अंगाला चिकटलेला, मुठीत कुणाचा तरी दात.

"हा कुणाचा ते विचारून ये," मला म्हणाला. "परत द्यायचाय."

"आणि तुझा कान?"

"तो गिळला त्याने. त्याचं आता काय होणार?"

असा हा माणूस 'दिलशाद' नावाच्या गलबतावर सुकाणी होता, आणि मी त्याच गलबतावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. आमचा नाखुदा म्हातारा खेजर.

नाखुदा हा शब्द आमच्याकडे स्वस्त नाही. गलबत विकत घेतलं म्हणून कुणी नाखुदा होत नाही. ज्याच्या शब्दावर सुकाणी सुकाणूवरचे हात काढतो, तो नाखुदा. वादळ होवो, आग लागो, सख्खा बाप येऊन पाया पडो. नाखुदा "सोड" म्हणेपर्यंत सुकाण्याने हात काढायचा नाही. आणि नाखुद्याने स्वतः गलबत सोडायचं ते सगळ्यांच्या शेवटी. एवढाच आमचा कायदा. आरमारातही हाच शब्द आहे, पण तिथे तो खांद्यावर शिवून मिळतो. सगळा घोटाळा त्यातून झाला.

युद्ध सुरू झालं त्या शरद ऋतूत आरमाराने आमची गलबतं ताब्यात घेतली. समुद्रात तेल काढायचे मनोरे उभे होते, त्यांवर आमचे तोफवाले बसलेले. त्यांना तोफगोळे पोचवायचे, तर आरमाराची करडी जहाजं शत्रूला लांबून दिसत. मासळीचा वास मारणारं लाकडी गलबत कुणाच्या डोळ्यावर येत नसे. खेजर नाखुदा तेव्हा अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला. त्याच्या जागी एक अधिकारी आला. कियूमर्स तालेशी. उत्तरेचा माणूस, तिकडच्या त्या थंड समुद्राकाठचा. पांढराफटक, काटकुळा, आणि तोंडाला लसणाचा वास. तिकडच्यांना आमच्याकडे मासळीची डोकी खाणारे म्हणतात.

धक्क्यावर उभा राहून तो म्हणाला, "मी नाखुदा तालेशी. तिसऱ्या दर्जाचा नाखुदा. आजपासून हे गलबत माझ्या हुकमात."

मांदनी दोराच्या वेटोळ्यावर बसून सुरमई साफ करत होता. मान वर न करता म्हणाला, "तिसऱ्या दर्जाचा? तिसऱ्या दर्जाचा खजूर आम्ही बकऱ्यांना घालतो."

सगळा धक्का हसला. तालेशीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"उभा राहा. आणि 'हो नाखुदा' म्हण."

"हो जनाब."

"नाखुदा म्हण."

"आमचा नाखुदा घरी आजारी आहे, जनाब. दुसरा मला माहीत नाही."

तालेशीने त्याच्या थोबाडीत मारली. अशी की सुरमई त्याच्या हातातून उडून पाण्यात गेली. मांदनीने आधी पाण्याकडे पाहिलं, मासळी गेली याची खात्री केली, मग उठला आणि कपाळ तालेशीच्या नाकावर हाणलं. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तालेशी तोंडावर हात धरून गुडघ्यांवर बसला आणि त्याच्या बोटांतून रक्ताचे ओघळ कोपरापर्यंत आले. लगेच शिपाई धावले. बंदुकीच्या दस्त्यांनी मांदनीला असा तुडवला की प्रत्येक फटक्याला त्याच्या छातीतून रिकाम्या पिंपासारखा आवाज येत होता. बरगड्या मोडल्या, भुवई फाटून डोळ्यावर लोंबू लागली. तरी पडल्या पडल्या एका शिपायाची पोटरी त्याने दातांत धरली होती आणि तो शिपाई बकरीसारखा ओरडत होता.

"थांबा," तालेशी म्हणाला. नाकातून बुडबुडे येत होते. "इथला सुकाणी हाच ना? ह्याला मारून टाकलात तर वाळूच्या पट्ट्यांतून मला कोण नेणार, तुम्ही? सोडा त्याला. आणि तू, त्याचा पाय सोड."

मांदनीने पोटरी सोडली, थुंकला.

"तू मला नाखुदा म्हणशील," तालेशी म्हणाला.

"मरताना म्हणेन."

"कोण मरताना? तू की मी?"

"ते बघू, जनाब."

तालेशी इस्पितळात गेला नाही. माझ्याच भटारखान्यात बसून नाक बोटांनी सरळ करायला गेला आणि ते डावीकडेच राहिलं.

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. सुरुवातीला तालेशी ओकायचा. मी केलेली घलिये, म्हणजे चिंचेतलं मासळीचं कालवण, त्याच्या पोटात टिकायची नाही. पण बादली मांडीत धरून तो गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळेवरच बसायचा, खाली आडवा पडायचा नाही. हे मांदनीने पाहिलं होतं. एकदा विमानाने आमच्यावर गोळ्यांचा फराटा ओढला, शिडाची काठी मोडून एका खलाशाच्या डोक्यात बसली आणि त्याचा मेंदू माझ्या भाताच्या पातेल्याशेजारी सांडला. तालेशीने त्याला चादरीत गुंडाळलं, प्रार्थना म्हटली, समुद्राला दिलं. मग रक्ताने बरबटलेले हात धूत सुकाणूपाशी गेला आणि विचारलं, "आता?"

"अजून नाही, जनाब," मांदनी म्हणाला.

तेव्हापासून ती दोघांची थट्टाच होऊन बसली. कुठल्याही संकटातून निसटलो की तालेशी विचारायचा, "आता?" आणि मांदनी म्हणायचा, "अजून नाही." कधीकधी जोडायचा, "आधी तो लसूण सोडा." आम्ही खलाशी पैजा लावायचो. इंजिन चालवणारा हयात म्हणायचा, "हा मेल्यावर थडग्यातून पण 'अजून नाही' म्हणेल."

हयात आधी मेला. नावाचा अर्थ जीवन, आणि गळ्यात गोळी.

तो दिवस हिवाळ्यातला होता, ऊन लख्ख, समुद्र काचेसारखा. तेलाच्या मनोऱ्याच्या पायांना गलबत बांधून तोफगोळे वर चढवणं चाललं होतं. निम्मे वर गेले, निम्मे खाली. मी कांदा चिरत होतो. विमानाचा आवाज आधी नाही आला, आधी माझ्यासमोरचा कांद्याचा पाट उडाला. मग सगळंच उडू लागलं. फळ्या, दोर, माणसं. माझ्या शेजारचा शिपाई काहीतरी सांगायला वळला आणि त्याला खालचा जबडाच नव्हता. हयात इंजिनाच्या खड्ड्यातून वर आला, दोन्ही हातांनी गळा दाबत. रक्त बोटांतून कारंज्यासारखं. त्याने मागे बोट दाखवलं, म्हणजे इंजिन चालू केलंय असं सांगितलं, आणि पायऱ्यांवरच बसून मेला.

विमान वळून परत आलं. ह्या वेळी डिझेलचं पिंप पेटलं आणि जळतं तेल फळ्यांवरून तोफगोळ्यांच्या दिशेने वाहू लागलं. वर मनोऱ्यावर तोफवाले, कामगार, जखमी, सगळी मिळून साठएक माणसं. गलबत मनोऱ्याच्या पायांत फुटलं असतं तर मनोरा त्या साठ जणांसकट खाली आला असता.

तालेशीने कोयत्याने दोर तोडले. तो वाकून चालत होता. जवळ आला तेव्हा कळलं, पोट उघडलेलं होतं. मी माझं भंडाऱ्याचं फडकं त्याच्या पोटावर आवळून बांधलं. ते बांधता बांधता आतलं काहीतरी गरम माझ्या मनगटाला लागलं, ते अजून लागतं.

"सगळे पाण्यात," तो ओरडला. उरलेल्यांनी उड्या घेतल्या.

राहिले तिघं. तालेशी, त्याचं फडकं धरलेला मी, आणि सुकाणूवर मांदनी. चाकाच्या साखळ्या तुटल्या होत्या, म्हणून मांदनी सुकाणूचा लाकडी दांडाच छातीने रेटत होता. पाण्याची ओढ मनोऱ्याकडे होती. क्षणभर हात सैल पडला की गलबत परत मनोऱ्याकडे तोंड करायचं. दांडा बांधून ठेवण्यासारखी गोष्ट नव्हती. कुणीतरी शेवटपर्यंत धरणंच भाग होतं.

"मांदनी, सोड. उडी मार," तालेशी म्हणाला. "मी धरतो."

"नाही."

"हुकूम आहे."

"नाखुद्याचा असेल तर सोडतो. तुम्ही जनाब आहात. जनाबांनी गप बसावं आणि आपली आतडी सांभाळावी."

तालेशी हसला, आणि हसण्याबरोबर तोंडातून रक्त आलं. "असं पोट घेऊन मी पाण्यात उतरलो तर किती वेळ जगेन? मी मेलेलाच आहे. तू फुकट मरशील."

"माझं नावच राहणारा आहे, जनाब. मी राहतो."

"अरे गाढवा, आईने तुझं नाव गलबतावर राहण्यासाठी ठेवलं की जगात राहण्यासाठी?"

मांदनीने दांडा आणखी घट्ट आवळला. तेव्हा तालेशीने पिस्तूल काढलं, उलटं धरलं आणि दस्त्याने मांदनीच्या बोटांवर मारायला लागला. एक एक बोट मोडल्याचं मला ऐकू आलं. मांदनी ओरडत होता, शिव्या देत होता, तालेशीच्या आईपासून त्याच्या गावच्या लसणापर्यंत कुणाला सोडलं नाही. पण दांडा सोडला नाही. मोडक्या बोटांचा पंजा तसाच दांड्यावर. ज्वाळा डोलकाठीला लागल्या होत्या, फळ्यांवरचा रंग उकळून फुटत होता, माझ्या भुवया जळाल्याचा वास मलाच येत होता.

तालेशीचा हात थांबला. त्याने पिस्तूल पाण्यात टाकलं. मांदनीच्या शेजारी छाती दांड्याला लावली, आपले दोन्ही हात त्याच्या हातांशेजारी ठेवले. आणि अगदी रोजच्या आवाजात विचारलं, "आता?"

मांदनीने त्याच्याकडे पाहिलं. बघतच राहिला. त्या वेळी त्याच्या मनात काय काय आलं मला माहीत नाही, पण एवढं माहीत आहे की तो एक शब्द बोलला की त्याला जगावं लागणार होतं आणि त्या माणसाला मरावं लागणार होतं, आणि हे दोघांनाही कळत होतं.

"हुकूम डोळ्यांवर, नाखुदा," मांदनी म्हणाला, आणि हात काढले.

मग त्याच मोडक्या हातांनी माझी मान धरून मला पाण्यात फेकलं आणि मागोमाग स्वतः आला.

आम्ही पाण्यातून पाहिलं. जळतं गलबत सरळ रेषेत लांब जात होतं, दांड्यावर वाकलेला माणूस दिसत होता. मग सगळं पांढरं झालं. नंतर आवाज आला, आणि नंतर आकाशातून जळकी लाकडं पडू लागली. त्यातल्या एकाने मांदनीचं डोकं फोडलं. मनोरा उभाच राहिला.

मांदनी घरी आला तेव्हा दैने त्याचा एकएक वाकडा हात उलटासुलटा करून पाहिला. "कुणी केलं हे?"

"ज्याने मला परत पाठवलं त्याने."

त्या दिवसापासून दर वर्षी ती त्या उत्तरेकडच्या पोराच्या नावाने हलवा करून वाटायची, आणि हलव्यात एक लसणाची पाकळी घालायची. भयंकर लागायचा. सगळे गपचूप खायचे.

चहाच्या दुकानात मात्र जिभा चालूच. एकदा एक जाडा कोळंबीवाला म्हणाला, "साहेब गेला, सुकाणी राहिला. नावाला जागला बाकी." पुढचे दात त्याने कुठे बसवून घेतले मला ठाऊक नाही. पण मांदनीला खरं काय खुपत होतं ते वेगळंच होतं. मला एकदा म्हणाला, "आपल्याकडे माणूस नाखुदा कधी ठरतो? बंदराने ऐकल्यावर. मी त्याला नाखुदा म्हटलं ते ऐकलं कुणी? एका भंडाऱ्याने. तोही बहिरा."

"मी बहिरा नाही."

"बघ, मी काय म्हटलं तेच तुला ऐकू नाही आलं."

वर्षं गेली, दै गेली, आमच्या दाढ्या पांढऱ्या झाल्या. आणि एक दिवस बातमी आली की आरमाराने नवीन फ्रिगेट बांधलीय, नाव 'तालेशी', आणि ती बुशेहरला येतेय. मांदनीने दाढीला मेंदी लावली, धुतलेला सदरा घातला, आणि भल्या सकाळी धक्क्यावर जाऊन दोर घेणाऱ्याच्या जागेवर उभा राहिला. तिथल्या पोरांनी हटकलं नाही. त्याच्या कपाळाची कीर्ती त्यांना ठाऊक होती. मी थर्मासात चहा घेऊन मागे.

आमच्या बंदरात कुठलंही गलबत आलं की धक्क्यावरून विचारतात, "नाखुदा कोण?" गलबतावरून नाव येतं, सगळं बंदर ते ऐकतं, मग दोर घेतला जातो. मांदनीला आयुष्यात एवढंच ऐकायचं राहिलं होतं.

करडी, उंच, तोफा रोखलेली फ्रिगेट सरकत जवळ आली. बँड वाजत होता, साहेबलोक खुर्च्यांवर. दोर येऊन मांदनीच्या हातात पडला. त्याने वाकड्या बोटांत तो धरला आणि म्हाताऱ्या फुप्फुसांत होता नव्हता तेवढा जोर काढून हाक दिली, "नाखुदा कोण?"

वरून एका तरुण खलाशाने ऐटीत सांगितलं, "नाखुदा सोरेना फख्राई. दुसरा दर्जा."

मांदनीने दोर पाण्यात टाकला.

दोर पुन्हा आला. पुन्हा हाक, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा दोर पाण्यात. बँडवाले गोंधळून थांबले. एक साहेब खुर्चीवरून उठला. "अरे कोण आहे हा म्हातारा? काढा त्याला."

फ्रिगेटवरून छोटी नाव सोडून स्वतः कप्तान धक्क्यावर आला. पांढरा शुभ्र गणवेश, तरणाबांड. "बाबा, बाजूला व्हा," म्हणत त्याने मांदनीच्या छातीवर हात ठेवून ढकललं. तोंडाने नीट बोलला, पण हात ठेवायला नको होता.

तोच आवाज. वाळकं लाकूड मोडावं तसा. पांढरा गणवेश गळ्यापासून पट्ट्यापर्यंत लाल. नौसैनिकांनी दांडके काढले. पहिला फटका मांदनीच्या खांद्यावर, दुसरा गुडघ्यावर, तो खाली बसला. मग मीही हात धुऊन घेतले. गरम चहा भरलेला थर्मास एकाच्या कानशिलावर फुटला आणि तो गोल गोल फिरत मासळीच्या टोपल्यांत पडला. दुसऱ्याने माझा दात पाडला, मी त्याची दाढी उपटली. जुफ्रेची पोरं मधे पडली, टोपल्या उडाल्या, एक साहेब खुर्चीसकट उलटा झाला. इतकी छान मारामारी बंदराने कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती.

"थांबा," कप्तान म्हणाला. नाकातून बुडबुडे येत होते.

तो मांदनीच्या समोर उकिडवा बसला. त्याने त्याच्या वाकड्या बोटांकडे पाहिलं, कपाळाकडे पाहिलं. "आमच्या जेवणाच्या खोलीत शहीद तालेशींची तसबीर आहे," तो हळूच म्हणाला. "त्यांचं नाक डावीकडे आहे. आम्हाला शिकवलंय की ते गोळीने वाकलं."

"गोळीने?" मी म्हणालो. "ह्या कपाळाने वाकलं. मी तिथेच होतो."

कप्तानाच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं दुखतंय, हसत होता. "आणि ह्या बोटांना काय झालं?"

"ते त्याने," मांदनी म्हणाला. "बरोबरी झाली आमची."

मग मी सगळं सांगितलं, दांड्यापासून 'आता?'पर्यंत. भोवतीचे नौसैनिक दांडके खाली धरून ऐकत होते. ज्याची दाढी मी उपटली होती तो सर्वांत पुढे.

"तुम्हाला हवंय काय, बाबा?"

"विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर."

"पण जहाजाचा नाखुदा तर मीच आहे."

"तू भला पोरगा आहेस. तू चालव जहाज," मांदनी म्हणाला. "पण त्याच्या पाठीवर नाव कुणाचं लिहिलंय? मी त्या माणसाच्या शब्दावर सुकाणू सोडलंय. मी काही कुणाच्याही शब्दावर सोडत नाही."

कप्तान उठला, रुमाल नाकाला लावून छोट्या नावेतून परत गेला. वर बराच वेळ काही हललं नाही. मग गणवेशातली पोरं धावत कठड्याला येऊन ओळीने उभी राहिली. दोर पुन्हा आला. मांदनीला उभं राहता येत नव्हतं. मी त्याच्या काखेत हात घातला.

"नाखुदा कोण?"

आवाज आधीच्या निम्माही नव्हता. पण वरून सगळ्या जहाजाने एका गळ्याने उत्तर दिलं, असं की धक्क्यावरची कबुतरं उडाली.

"नाखुदा तालेशी."

मांदनीने दोर खुंट्याला घातला, वेढे दिले, गाठ पक्की केली. जहाज धक्क्याला टेकलं, बँड सुरू झाला, साहेबलोकांनी खुर्च्या सरळ केल्या. हा मात्र दोर धरूनच बसलेला. तळहात सोलून रक्त येत होतं.

"सोड आता, मांदनी," मी म्हणालो.

"तू कोण मला सांगणारा, भंडारी?"

तेवढ्यात फ्रिगेटचा भोंगा वाजला, लांब आणि खोल, पायाखालचा दगड हलवणारा. मांदनीने मान वर करून जहाजाच्या पाठीवरचं नाव पाहिलं. मग एक एक करून त्याने दोरावरची बोटं काढली.